ब्लडीवूडला खुलं पत्र: ढोल पुढे येऊ द्या, उपदेश मागे राहू द्या

प्रिय करण, जयंत आणि राऊल,

तुमच्या दिल्लीच्या मेटल बँडचा 'नू दिल्ली' हा अल्बम २१ मार्च २०२५ ला आला. तेव्हापासून तो आणि २०२२ चा 'रक्षक' मी आलटून पालटून ऐकते आहे. दोन्ही मिळून अठरा गाणी होतात. त्यातली काही भारतीय मेटलमध्ये आजवर झालेल्या सर्वांत चांगल्या कामात मोडतात, हे मी कुणाशीही वाद घालून सांगायला तयार आहे. पण काही गाणी अशी आहेत की पहिला कोरस व्हायच्या आत उरलेलं सगळं गाणं डोळ्यांसमोर येतं, आणि मग ते तसंच होतं. 'नू दिल्ली' तर जेमतेम अर्ध्या तासाचा अल्बम. आठच गाणी. त्यात एवढी चढउतार का, यावर मी बराच विचार केला आणि जे सापडलं ते तुम्हाला लिहावंसं वाटलं. मराठीत लिहिते आहे, कारण मुंबई-पुण्यात तुमच्या गाण्यांवर आमचं जे बोलणं चालतं ते मराठीतच चालतं, आणि या पत्रावर त्या सगळ्यांनीही बोलावं असं मला वाटतं.

तुम्ही आमच्यासाठी काय आहात, ते आधी सांगते. मुंबईत रंगभवनात १९८६ ला इंडिपेंडन्स रॉक हा संगीत महोत्सव सुरू झाला. तेव्हापासून आमच्याकडे जड संगीत वाजवणारे बँड पिढ्यान्‌पिढ्या झाले, आणि त्यातले बहुतेक इंग्रजीत गायले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. डेमॉनिक रिझरेक्शन या मेटल बँडनं मुंबईत राहून जे उभं केलं ते सोपं नव्हतं. तरी मेटलचा आवाज आपल्या तोंडच्या भाषेतून निघू शकतो, याची खात्री आम्हाला नव्हती. जयंतनं हिंदी-पंजाबीतून गुरगुरायला सुरुवात केली आणि ती शंका संपली. ढ, ध, भ, जोडाक्षरं, द्वित्त हे सगळं पोटातूनच येतं. 'गद्दार' ही आरोळी त्याच्या गळ्यातून निघते तेव्हा ती दुसऱ्या कुठल्या भाषेत कशी म्हणता येईल हा प्रश्नच पडत नाही. त्याच्या जोडीला करणची बासरी आणि सार्थकचा ढोल. दलेर मेहंदींच्या गाण्याची मेटल आवृत्ती करून लोकांना हसवणाऱ्या दोन मुलांपासून हे सुरू झालं आणि २०१९ ला जर्मनीतल्या वाकन मेटल महोत्सवाच्या मंचावर जाऊन पोचलं. त्या मंचाचे व्हिडिओ पाहताना तिथल्या गर्दीला ढोलाच्या ठेक्यावर उड्या मारताना बघून माझ्या अंगावर काटा आला होता. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते दुरून ऐकणाऱ्या कुणाचं मत समजू नका.

'रक्षक' एकसारखा नव्हता, पण ते समजण्यासारखं होतं. 'जी वीरे' २०१८ चं, 'मची भसड' आणि 'एन्ड्युरंट' २०१९ ची, 'याद' २०२० चं, 'गद्दार' २०२१ च्या शेवटी आलेलं. कुठलीही कंपनी पाठीशी नसताना, एकेका गाण्याचा व्हिडिओ करत, पैसे उभे करत तुम्ही चार वर्षं हे साठवलं आणि १८ फेब्रुवारी २०२२ ला एकत्र बांधून दिलं. चार वर्षांत बँड बदलतो, हात बसतो, गळा बसतो. 'नू दिल्ली'चं तसं नाही. मधल्या काळात तुम्ही जग पालथं घातलंत, जपानच्या फुजी रॉक महोत्सवात २०२२ मध्ये तुमचं नाव सगळीकडे झालं, फिअरलेस रेकॉर्ड्ससारखी अमेरिकन कंपनी मागे आली. हा अल्बम एका दमात, एका मनानं करता येण्यासारखा होता. म्हणून त्यातली कमकुवत गाणी मला जास्त लागली.

माझं म्हणणं एवढंच आहे. तुमचं गाणं जेव्हा एखाद्या ठरावीक गोष्टीवर बोट ठेवतं, मग तो माणूस असो, शहर असो, कुत्रा असो की पानात पडणारं जेवण, तेव्हा तुमचं संगीतही जागं होतं. आणि गाणं जेव्हा 'ऊठ, लढ, हार मानू नको' एवढंच सांगू लागतं तेव्हा शब्दांबरोबर वादनही सवयीवर चालू लागतं. हे दोन्ही एकाच वेळी होतं, आणि दोन्ही अल्बमांत होतं.

'गद्दार' घ्या. धर्माच्या नावावर माणसं तोडून मतं गोळा करणारा राजकारणी त्या गाण्यासमोर उभा आहे. समोर कोण आहे हे राऊलला पक्कं ठाऊक आहे, त्यामुळे त्याच्या रॅपमध्ये एकही ओळ शोभेची वाटत नाही. वाद्यांचंही तसंच. रिफ, म्हणजे गिटारचा परत परत येणारा तुकडा, थांबतो तिथे अडवण्यासाठी थांबतो, ढोल येतो तो धक्का द्यायला येतो. आणि त्याच अल्बमवर, त्याला लागून 'आज' आहे आणि मग 'जंजीरों से'. वाजवण्यात खोट काढायला जागा नाही. पण साखळ्या कुणाच्या, कुणी घातल्या, त्या तोडल्यावर जायचं कुठे, याचा गाण्याला पत्ता नाही. ऐकणाऱ्यानं आपापली अडचण त्यात घालून घ्यावी अशी सोय केलेली आहे. अशी सोय करणारी गाणी जगात भरपूर आहेत, त्यासाठी आम्हाला ब्लडीवूडची गरज नाही.

'जी वीरे'ही धीर देणारंच गाणं आहे की, असं तुम्ही म्हणाल. आहे. पण ते नैराश्यात अडकलेल्या एका भावाशी बोलतं. त्याच्यासमोर बसून, हळू आवाजात सुरू होतं. आणि गाण्याबरोबर तुम्ही गरजूंना समुपदेशनाची सत्रं मोफत मिळवून दिलीत. म्हणजे गाणं कुणासाठी आहे याचा विचार शेवटपर्यंत गेला होता. 'याद'चं तेच. माणूस आणि त्याचा कुत्रा यांच्यावरचं ते गाणं, आणि दिल्लीच्या परिसरात बेवारस प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला तुम्ही दिलेली रुग्णवाहिका. मेटल ऐकणाऱ्या कितीतरी जणांना मी 'याद'वर रडताना पाहिलंय. जड गिटार असलेल्या गाण्यावर रडणं सोपं नसतं. तिथे संगीतानं जागा सोडावी लागते. 'याद'मध्ये ती सोडलेली आहे. गिटारला बाजूला सरून दुसऱ्याला ऐकायची तयारी तुमच्या फार थोड्या गाण्यांत आहे आणि ती मला फार मोलाची वाटते.

आता 'नू दिल्ली'. शीर्षकगीत हे तुमच्या सर्वांत चांगल्या तीन-चार गाण्यांपैकी एक आहे. शहराचं नाव घेतलंत, आणि तिथे वाढलेला माणूसच बोलू शकेल अशा मस्तीत बोललात. त्यात अभिमान आहे, दमदाटी आहे, पाहुण्याला सावध करणं आहे. दिल्लीबद्दल आम्हा मराठी माणसांची मतं तशीही ठाम असतात, पण या गाण्यानं ती थोडी हलवली. नू मेटल, म्हणजे रॅप मिसळलेलं मेटल, हा मुळात उपनगरांतून, कंटाळलेल्या रस्त्यांवरून आलेला प्रकार. कॉर्न या अमेरिकन बँडचा पहिला अल्बम १९९४ ला आला तोही लॉस एंजेलिसच्या झगमगाटातून आला नव्हता, बेकर्सफील्डसारख्या गावातल्या पोरांनी केला होता. त्या प्रकाराची नाळच अशी जागेशी बांधलेली आहे. तुम्ही ती दिल्लीत पुरलीत.

'तडका' बघा. खाण्यावर मेटलचं गाणं करायचं म्हटलं तर ते थिल्लर व्हायला वेळ लागत नाही. तुमचं झालं नाही, कारण तुम्ही खरंच जेवणाऱ्या माणसांसारखे गायलात. त्या गाण्यात तिघंही सैल सुटलेले आहेत. जयंतचा आवाज तिथे जितका खेळतो तितका 'हल्ला बोल' किंवा 'हट'मध्ये खेळत नाही. 'हल्ला बोल'नं अल्बम उघडतो, आणि उघडायला ते ठीकच आहे, मैफिलीत त्यावर धमाल येत असणार. पण त्याच्यामागून 'हट', पुढे 'किस्मत', आणि प्रत्येकात तीच बांधणी: देशी वाद्याची एक धून, तिच्यावर पडणारा जड रिफ, राऊलचं इंग्रजी कडवं, जयंतचा मोठा कोरस, मग सगळं थांबून येणारा संथ, जड ब्रेकडाऊन. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा या बांधणीनं आम्हाला हलवून सोडलं होतं. आता तिला सवयीची झिलई चढली आहे.

'बेखौफ' मात्र माझ्या म्हणण्याला अपवाद आहे, तो लपवत नाही. तेही भीतीवर, निर्भयतेवर आहे, म्हणजे पुन्हा मोघमच. तरी ते उभं राहतं. जपानच्या बेबीमेटल या बँडच्या तिघी तुमच्या घडीव वाटेत आडव्या येतात आणि सगळ्यांना पावलं बदलावी लागतात, हे त्याचं कारण. त्यांच्यातल्या सु-मेटलचा तो सरळ, उंच, न थरथरणारा स्वर जयंतच्या खरखरीत आवाजाशेजारी आला की दोघांचेही आवाज नव्यानं ऐकू येतात. पाहुणा आल्यावर घरातली माणसं जशी वेगळी वागतात तसं काहीतरी त्या गाण्यात होतं.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट मला बऱ्याच दिवसांपासून बोलायची आहे. 'दना दन'. बलात्कार करणाऱ्यांवरचा तुमचा राग त्या गाण्यात कसलाही आडपडदा न ठेवता येतो, आणि बाई म्हणून ते ऐकताना मला बळ मिळालेलं आहे. रात्री उशिरा स्टेशनवरून घरी चालत येताना कानात ते गाणं असणं म्हणजे काय, हे माझ्या मैत्रिणींना समजावून सांगावं लागत नाही. पण ते संपूर्ण गाणं पुरुषांच्या आवाजात आहे. मारणारा पुरुष, मार खाणारा पुरुष, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती कुठेच नाही. तिचा एक हुंकारही नाही. 'बेखौफ'नं दाखवून दिलं की बाईचा आवाज आला की तुमचं संगीत कमजोर होत नाही, उलट त्याला धार येते. मग 'दना दन'सारख्या गाण्यातच ती का नसावी? आपल्याकडे ताकदीनं ओरडणाऱ्या, रॅप करणाऱ्या मुली आहेत. पुढच्या वेळी अशा विषयाला हात घालाल तेव्हा त्यातली निम्मी जागा तिला द्या. राग कुणाचा आहे हे तिच्या तोंडून ऐकायचंय.

तुम्ही मोघम का होता, याचा मी अंदाज बांधला आहे. तुमचे बहुतेक दौरे युरोप, अमेरिका, जपानमध्ये होतात. समोरच्या हजारो माणसांना हिंदी कळत नाही. त्यांच्यापर्यंत पोचायचं काम राऊलच्या इंग्रजी कडव्यांवर येऊन पडतं, आणि ती कडवी मग सगळ्यांना लागू पडतील अशी लिहिली जातात. हेतू चांगलाच आहे. राऊल, तुझ्या आवाजातली कळकळ खरी आहे यावर मी कधीही शंका घेतलेली नाही. पण तुमचाच अनुभव याच्या उलट सांगतो. २०२४ च्या 'मंकी मॅन' या त्याच्या चित्रपटासाठी देव पटेलनं तुमचं कुठलं गाणं घेतलं? 'दना दन'. इथल्या बायकांवरच्या अत्याचाराविरुद्धच्या इथल्या रागाचं, सगळ्यांत कमी मोघम गाणं. परदेशातला श्रोता नेमकेपणामुळे दुरावत नाही, नेमकेपणामुळेच थांबून ऐकतो.

आणि मोघम न होता चळवळीचं गाणं कसं करायचं, याचं उदाहरण आमच्याकडे आहे. मुंबईच्या 'स्वदेशी' या रॅप करणाऱ्या मंडळींनी २०१९ मध्ये आरेच्या जंगलावर 'द वारली रिव्होल्ट' केलं. त्यासाठी त्यांनी आरेच्याच पाड्यावर राहणाऱ्या प्रकाश भोईर यांना बरोबर घेतलं. ज्यांची झाडं तोडली जाणार होती त्यांचा आवाज, त्यांचीच बोली, त्यांचीच वाद्यं. वारली समाजाबद्दल काहीही माहीत नसलेल्या माणसालाही ते गाणं धरून ठेवतं. तुमच्या दिल्लीत हिंदी रॅप आज जिथे पोचलाय तिथे तो देशात क्वचितच कुठे असेल. 'सीधे मौत' ही रॅपरांची जोडी तुमच्याच शहरातली. राऊलच्या इंग्रजीसमोर दिल्लीच्या गल्लीतलं हिंदी उभं करा. दोघांना एकमेकांशी भांडू द्या. एकाच गाण्यात दिल्लीच्या दोन दिल्ल्या ऐकू येतील.

आता ढोलाबद्दल, कारण या पत्राचं मूळ खरं तर तिथे आहे.

मी पुण्यात ढोल-ताशा पथकात वाजवलं आहे. आमचा ढोल तुमच्या पंजाबी ढोलापेक्षा वेगळा. तुमच्याकडे एका बाजूला जाड वाकडा डग्गा आणि दुसऱ्या बाजूला बारीक तिल्ली. आमच्याकडे एका पानावर टिपरू, म्हणजे काठी, पडतं आणि दुसऱ्यावर हाताची थापी, आणि सगळ्यांना हाकायला ताशा असतो. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. ढोल अंगावर घेऊन उभं राहिलं की त्याचा आवाज आधी पोटाला कळतो, मग कानाला. पानावर टिपरू पडतं तेव्हा एक चटका ऐकू येतो आणि लगेच मागून खर्ज येतो, खोल, हवा हलवत. त्या दोन्हींच्या मध्ये क्षणभराची फट असते. वाजवणाऱ्याचं सगळं कसब त्या फटीत आहे.

तुमच्या ध्वनिमुद्रणात मला ढोलाचा चटका ऐकू येतो, खर्ज येत नाही. कारण उघड आहे. खाली उतरवलेल्या गिटारी, बेस आणि ड्रम किटचा किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम) या सगळ्यांनी तीच जागा व्यापलेली असते, आणि मिक्समध्ये सगळं स्वच्छ ठेवायचं तर ढोलाचं पोट कापावं लागतं. उरते ती तिल्लीची टणटण. मग ढोल हा गाण्यावर टाकलेला रंग होतो. मैफिलीचे व्हिडिओ पाहते तेव्हा सार्थक मंचाच्या कडेला ढोल घेऊन गिरक्या घेत असतो, गर्दी त्याच्याकडे बघून नाचत असते, आणि तिथे ढोल हा बँडचा कणा वाटतो. अल्बमवर तो कणा वाटत नाही. 'मची भसड'मध्ये काही ठिकाणी वाटतो, आणि ते गाणं इतक्या वर्षांनीही शिळं न होण्याचं ते एक कारण आहे.

ब्राझीलच्या सेपुल्तुरा या मेटल बँडनं १९९६ ला 'रूट्स' हा अल्बम केला तेव्हा त्यांनी तिथल्या शावांते आदिवासींच्या वस्तीत जाऊन, त्यांच्यात बसून ध्वनिमुद्रण केलं. त्या ठिकाणी जड गिटार गप्प राहून ऐकते. तेवढी हिंमत मला तुमच्याकडून हवी आहे. करण, संगीत तूच घडवतोस, मिश्रणाचे निर्णय तुझ्याच हातून जातात, म्हणून हे तुलाच सांगते. एखाद्या गाण्यात किक काढून टाक. पूर्ण. खालचा सगळा भाग ढोलाला दे, बेसही त्याच्या मागे जाऊ दे. गिटार वरच्या पट्टीत ठेव. विशेषला ड्रम किटवर झांजा आणि स्नेअर एवढ्यावरच वाजवायला सांग. एकदा करून बघ, जमलं नाही तर सोडून दे. पण दोन अल्बमांत हा प्रयोग एकदाही झालेला नाही, आणि तो करू शकणारा बँड देशात तुमचाच आहे.

बासरीबद्दलही थोडं. करण, तुझ्या बासरीच्या धुना चांगल्या असतात, पण त्या गाण्याच्या सुरुवातीला दाराशी उभ्या राहतात आणि मग कोरसला परत येऊन तेच म्हणतात. बासरी वाढत नाही, पुढे जात नाही. एखाद्या गाण्यात तिला रिफशी झुंजू दे, ब्रेकडाऊनच्या मधोमध एकटी सोड, श्वास तुटलेला ऐकू येऊ दे.

जयंत, तुला फार सांगायचं नाही. फक्त मोठ्या कोरसवर सतत चढू नकोस. 'याद'मध्ये तुझा खालचा आवाज जितका थेट पोचतो तितका कुठलाही कोरस पोचत नाही. तो आवाज 'नू दिल्ली'त फार कमी ऐकू आला आणि मला त्याची उणीव भासली.

आणि लवकर येऊ नका. 'रक्षक'नंतर तीन वर्षांनी 'नू दिल्ली' आला. पुढच्याला पाच लागली तरी आम्ही थांबू. आठ गाणी झाली नाहीत तर पाच करा. त्यातलं एक तरी दिल्लीच्या एखाद्या अशा गोष्टीवर असू दे जी तिथे राहणाऱ्यालाच आतून ठाऊक असते: हिवाळ्यातली हवा, यमुनेच्या पाण्यावर येणारा फेस, पहाटे मंडीत येणारी माणसं, काहीही. नाव घ्या, जागा सांगा. ते गाणं कसं ऐकायचं ते आमचं आम्ही बघू.

तुमची,
पुण्याची एक श्रोती आणि ढोलवादक